सातपुड्यात पक्षी पाहायचेत? आधी खर्चाचा हिशेब मांडू

माघ सरला की सातपुड्यातली सागाची पानं गळू लागतात, पळस आणि काटेसावर फुलतात, आणि एरवी पानाआड दडलेले पक्षी उघड्या फांदीवर दिसू लागतात. थंडीचे पाहुणे अजून परतलेले नसतात आणि इथल्या रहिवाशांची विणीची लगबग सुरू असते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ जळगाव-धुळ्याच्या पक्षीप्रेमींनी वाया घालवू नये. हा छंद महागडा आहे असं समजून अनेक जण घरीच बसतात. खर्च नेमका कशावर करायचा हे ठाऊक असलं, तर ते खरं नाही.

खानदेशाचं नाव पक्ष्यांच्या जगात गेलं ते रानपिंगळ्यामुळे. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना कुणालाच मिळाला नव्हता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. यावल अभयारण्यातही रानपिंगळ्याची नोंद आहे. हा दिवसा वावरतो, त्यामुळे सकाळच्या उन्हात सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसलेला दिसू शकतो. आपल्या गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, छाती गडद तपकिरी आणि पोट पांढरं. बसल्या जागी तो शेपटी झटक्याने डावीकडे-उजवीकडे हलवतो. ही खूण दुर्बिणीतून लगेच पटते.

एकदाच करायचा खर्च

दुर्बीण ८×४२ मापाची घ्या. आठपट मोठं दिसतं, हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही आणि पहाटेच्या अंधूक उजेडातही पक्षी स्पष्ट दिसतो. नामांकित कंपनीच्या कामचलाऊ दुर्बिणीसाठी ८ ते १५ हजार रुपये धरा. दोन हजारांत मिळणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणी घेऊ नका. त्यांत चित्र दुहेरी दिसतं आणि डोकं दुखतं. दुकानातून बाहेर येऊन लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचून पाहा. चष्मा असेल तर चष्म्यासह संपूर्ण गोल दिसतो का, तेही तपासा. चौघांत एक दुर्बीण घेऊन सुरुवात केली तरी चालते.

कॅमेऱ्याची घाई नको. लांब पल्ल्याच्या लेन्ससह तो खर्च सहज लाखाच्या घरात जातो. पहिलं वर्ष डोळे आणि कान तयार होण्यात जाऊ द्या.

ओळखीसाठी ‘मर्लिन’ हे अ‍ॅप फुकट आहे. भारताच्या पक्ष्यांचा संच घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्या, कारण डोंगरात अनेक ठिकाणी रेंज नसते. ५० रुपयांची वही मात्र हवीच.

तीन सहली, तीन हिशेब

खालचे आकडे अंदाजपत्रकाचे आहेत. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं आहे.

*१. सकाळपुरतं, दोघं, दुचाकीवर.* धुळेकरांसाठी लळिंगचा किल्ला आणि कुरण: जाऊन-येऊन साधारण २० किलोमीटर. चंडोल, गप्पीदास, तित्तर, मोर यांच्यासाठी ही जागा चांगली. पेट्रोल ५० रुपये, नाश्ता दोघांचा १२०. माणशी ८५ रुपये. भुसावळकरांनी हतनूर धरण गाठावं. परतीच्या वाटेवरची बदकं मार्चमध्ये भराभर कमी होतात, म्हणून तिथे फेब्रुवारीतच जा. पेट्रोलचे १२० रुपये जमेस धरून माणशी १२० रुपयांत सकाळ होते.

*२. एक दिवस, चौघं, रेल्वेने.* जळगावहून चाळीसगाव आणि तिथून १८ किलोमीटरवर पाटणादेवी. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा हा पायथा. देवळाच्या आसपासच्या गर्द झाडीत स्वर्गीय नर्तक, हळद्या, टकाचोर, डोक्यावर घिरट्या घालणारा सर्पगरुड यांची आशा धरावी. जनरल डब्याचं जाण्या-येण्याचं तिकीट चौघांचं ४००, दिवसभर थांबणारी रिक्षा १०००, जेवण ६००, प्रवेश व किरकोळ ४००. एकूण २४००, माणशी ६००. रिक्षाचं भाडं थांबण्यासकट ठरवा. नुसतं ‘जाऊन-येऊन’ म्हटलं की दुपारी वाद होतो.

*३. दोन दिवस, पाच जण, पाल.* रावेर तालुक्यातलं पाल हे यावल अभयारण्याचं दार. १९६९ साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं आहे. घरची गाडी असेल तर २०० किलोमीटरला पेट्रोल १४००, दोन खोल्या २०००, जेवणखाण ३०००, वाटाड्या दोन दिवसांचा १६००, प्रवेश, गाडी व कॅमेरा शुल्क धरून १०००. एकूण ९०००, माणशी १८००.

हीच सहल भाड्याच्या गाडीने केली की चित्र बदलतं. भाड्याची गाडी दिवसाला किमान २५० किलोमीटर धरते, तुम्ही शंभरच फिरलात तरी. किलोमीटरला १४ रुपयांनी दोन दिवसांचे ७०००, चालकाचा भत्ता ८००. एकूण १५,४०० आणि माणशी ३०८०. म्हणजे गाडीपायी माणशी जवळपास १३०० रुपये वाढतात. त्यापेक्षा एसटीने रावेर किंवा सावदा गाठून पुढे स्थानिक जीप ठरवा. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

तारीख ठरवताना

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. पावरा-भिल्ल बांधवांचा तो मोठा सण. त्या दिवसांत जीप मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भाडं पडतं. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर ते दिवस सोडा. वन विश्रामगृहाची खोली वन विभागाकडे आधी अर्ज करून पक्की करा आणि प्रत्येक शुल्काची पावती मागा.

काटकसर कुठे, कुठे नको

जेवणात काटकसर चालते: कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. पाण्यात नको: माणशी तीन लिटर ठेवा, दुपारी ऊन भाजून काढतं. आणि वाटाड्याच्या मेहनतान्यात मुळीच घासाघीस करू नका. तडवी किंवा पावरा वस्तीतला जाणता माणूस कुठल्या नाल्यावर पक्षी पाण्याला उतरतात हे सांगतो. त्याच्या हाती पैसा गेला तर ते रान राखण्यात त्याचाही फायदा राहतो.

‘रानपिंगळा हमखास दाखवू’ असं सांगून जादा पैसे मागणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: मोबाइलवर आवाज वाजवणार का? उत्तर ‘हो’ असेल तर पैसे देऊ नका. विणीच्या दिवसांत हा आवाज ऐकून पक्षी घरटं सोडून प्रतिस्पर्धी शोधत फिरतो. रानपिंगळा जागतिक यादीत संकटग्रस्त आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. घरट्याजवळ जाऊ नका, त्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, वाळल्या पानांच्या रानात काडी पेटवू नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी यंदा पहिली सहल शंभर-सव्वाशे रुपयांचीच करावी. गोडी लागली तर दुर्बीण घ्यावी, आणि पालला मुक्काम करावा तो त्यानंतर.