नोंदवलेले मृत्युपत्र आणि दुरावलेली भावंडे

वाचन : संत लूक 12:13-21



गर्दीतला एक माणूस प्रभू येशूकडे येतो. भावाकडून आपल्या वतनाचा वाटा मिळवून द्यावा, एवढेच त्याचे मागणे. येशू न्यायाधीश होण्याचे नाकारतो आणि लोभापासून सावध करतो. त्या माणसाचा दावा खरा होता की खोटा, हे संत लूक सांगतच नाही.

हा माणूस आपल्या खारदांड्यातही भेटतो. इथे खोली लहान, पण तिची किंमत मोठी. दफनविधीला गळ्यात गळा घालून रडलेली भावंडे महिन्याच्या मिस्सेला वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मधल्या काळात कपाटातून मृत्युपत्र निघालेले असते. एक म्हणतो, "रजिस्टर केलेले आहे, आता बोलायचे काम नाही." दुसरी म्हणते, "बाबा अंथरुणाला खिळलेले असताना सही घेतली."

कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत. नोंदणी मात्र सक्तीची नाही. नोंदणीने कागदाला बळ येते, पण त्याला आव्हान देता येते. करणाऱ्याचे मन ठिकाणावर होते का, दबाव होता का, हे कोर्ट तपासते. नंतरचे वैध मृत्युपत्र, नोंदवलेले नसले तरी, आधीच्या नोंदवलेल्याला मागे सारते. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला वाटा बाद ठरतो. मृत्युपत्रच नसेल, तर हयात जोडीदाराला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे व मुली यांना सारखे. लग्न होऊन गेलेल्या मुलीचाही त्यात वाटा असतो.

वाद थोरामोठ्यांनाही चुकले नाहीत. शेजारच्या वांद्र्यातील बाळासाहेब ठाकरे यांचे निधन 2012 साली झाले. त्यांच्या मृत्युपत्राला पुत्र जयदेव यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. समोर सख्खे भाऊ उद्धव होते. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. अखेर 2018 साली जयदेव यांनी विरोध मागे घेतला. कोण बरोबर, हा आपला विषय नाही. घरातल्या गोष्टी साक्षीच्या पिंजऱ्यात किती वर्षे उभ्या राहतात, एवढेच आपण पाहावे.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा का? नाही. ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. ही इच्छा कोर्टात जाण्याआधी घरात दिसायला हवी. आई-वडिलांनो, प्रकृती धड असताना मृत्युपत्र करा आणि मुलांना एकत्र बसवून त्यामागचे कारण सांगा. जिने आजारपणात सेवा केली तिला जास्त दिले असेल, तर ते तुमच्या तोंडून कळू द्या. कागदाला प्रश्न विचारता येत नाहीत. मुलांनो, वकिलाची नोटीस पाठवण्यापूर्वी एकदा समोरासमोर बसा. दावा चालू असला तरी तडजोडीचा दरवाजा बंद होत नाही.

वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे मन दुखावल्याचे आठवले, तर आधी त्याच्याशी समेट करा, असे प्रभू सांगतो (मत्तय 5:23-24). आपण मिस्सेत शेजाऱ्याला शांती देतो. पलीकडच्या बाकावरच्या भावाला कधी देणार?

घरी चर्चेसाठी :
1. आपल्या घरात वाटणीविषयी मोकळेपणी बोलणे होते का?
2. ज्या भावंडाशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्याकडे पहिले पाऊल कोण टाकील?