कमरेएवढ्या पाण्यातील होडी



दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गात एकच विषय होता. एका विद्यार्थ्याला त्याच्या मामांनी हवा भरायची छोटी होडी भेट दिली होती. तिघे मित्र ती घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर गेले. काठाला पाणी कमरेएवढेच, म्हणून घरच्यांनीही हरकत घेतली नाही. दुपारी वारा सुटला आणि होडी तळ्याच्या मध्याकडे सरकू लागली. मुले वल्ही मारून दमली. म्हशी धुवायला आलेल्या एका काकांनी थोडे पाण्यात शिरून दोर फेकला, म्हणून तिघेही वर्गात हजर होते.

आम्ही मुलांना रागावलो नाही. (खरे सांगायचे तर थोडे रागावलो.) पण त्यांचे एक उत्तर मनात राहिले : "सर, पाणी खोल नव्हतं, म्हणून जॅकेट घातलं नाही."

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'मझधार' हा शब्द इतक्या वेळा वाचला, की धोका नेहमी प्रवाहाच्या मध्यभागीच असतो असे आम्हालाही वाटत असे. हवेच्या होडीची गोष्ट वेगळी आहे. ती वजनाला हलकी, पाण्यात जेमतेम चार बोटे बुडालेली आणि पाण्यावर फुगून उभी असते. म्हणजे ती होडी कमी आणि शीड जास्त. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल, तर उथळ पाण्यातली होडी काही मिनिटांत खोल पाण्यावर जाते. काठाच्या आडोशाला हा वारा जाणवतही नाही.

म्हणून होडीत हवा भरण्याआधी मूठभर माती वर उडवून वारा पाहावा. ती पाण्याकडे उडत असेल, तर त्या दिवशी होडी पिशवीतच राहू द्यावी. वारा काठाकडे येत असेल तरच निघावे. जाताना वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परत येताना वाराच मदत करतो. आपल्याकडे दुपारनंतर वारा वाढतो, तेव्हा सकाळची वेळ बरी. तळ्याच्या स्थिर पाण्यात होडीच्या कडीला लांब दोर बांधून दुसरे टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात द्यावे. दोर मनगटाला गुंडाळू नये.

तळाचेही तसेच. आपल्या भागातील तळी माणसांनी बांधलेली आहेत. गाळ आणि माती उपसल्याचे खड्डे त्यांत राहतात. गुडघाभर पाण्यात चालणारा पुढच्याच पावलाला डोक्याइतक्या पाण्यात जाऊ शकतो. गणेश विसर्जनानंतरच्या लाकडी चौकटी, खिळे, तारा तळाशी असतात. त्या होडी फाडतात आणि पायही. उणकलच्या तळ्यावर जलपर्णी कशी पसरते हे आपण पाहिले आहे. तिच्यात वल्हे अडकते आणि खालचे काही दिसत नाही. वल्ह्याने तळ चाचपत पुढे जावे. होडीतून डोके खाली करून उडी कधीही मारू नये, उथळ पाण्यात मान मोडते. पाय चिखलात रुतला तर दुसऱ्या पायावर जोर देऊ नये. होडीवर पोट टेकून, पाय हळूहळू हलवून सोडवावा.

होडीत हवा आदल्या दिवशी भरून ठेवावी. सकाळी ती मऊ पडली असेल, तर सायकलच्या दुकानात ट्यूब तपासतात तसे जोडांवर आणि व्हॉल्ववर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे दिसतील. उन्हात हवा फुगते, म्हणून होडी काठावर तापत ठेवू नये. किती माणसे व किती किलो, हे होडीवर छापलेले असते. त्यात मोठ्यांचे वजन आणि डबेही धरावेत. होडीत उभे राहू नये, मध्यभागी खाली बसावे.

गर्दीचे काय होते हे सांगायला दोन घटना पुरेत. 13 जानेवारी 2018 रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे 40 विद्यार्थ्यांना नेणारी होडी उलटली आणि तीन मुलींचा मृत्यू झाला. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. 12 विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. दोन्ही होड्या मोठ्या होत्या, पण एका तरी अपघाताचे पाणी तळ्याचेच होते. आणि दोन्ही घटना जानेवारीतल्या, म्हणजे सहलींच्या महिन्यातल्या.

जॅकेट काठावरच घालून सर्व पट्टे लावावेत. मग खांद्यांना धरून मुलाला वर उचलून पाहावे. जॅकेट कानापर्यंत सरकले तर माप चुकले. हवेची ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे. होडी उलटली तर तिला धरून राहावे. वाहत गेलेल्या होडीमागे किंवा चेंडूमागे पोहत जाऊ नये. बुडणाऱ्याला वाचवायला पाण्यात उडी न मारता दोर, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती येईल ते फेकावे आणि 112 वर फोन करावा. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबत वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब द्यावा.

दरवर्षी सहलीसाठी दांडेलीचे नाव निघते. तेथील काळी नदीवर वर सुपा धरण आहे. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की सकाळी खडक दिसत होते तेथे पाणी चढते. अशा वाहत्या पाण्यात दोराचा उपायही चालत नाही, उलट ताणलेला दोर होडीला पाण्याखाली खेचतो. म्हणून घरची होडी कोणीही सहलीला आणू नये. तेथील होडीत बसायचे झाल्यास पालकांची लेखी संमती लागेल आणि शिक्षकही जॅकेट घालतील. पोहता येते ही सबब आमचीही चालणार नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी, की शाळेकडे आज एकही जॅकेट नाही. लहान-मोठ्या मापांची थोडी जॅकेट घ्यावीत. पुढच्या पालकसभेला तीच मामांची होडी पटांगणात फुगवून दाखवू. विद्यार्थ्याने ती आणण्याचे कबूल केले आहे. येताना मुलांना सोबत आणावे, त्यांची मापे घ्यायची आहेत.