जुने संगणक, नवे जाळे : निवडीची सूत्रे

चंदीगढच्या रस्त्यांची आखणी करताना वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए याने त्यांच्या सात श्रेणी ठरविल्या. शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारे जलद मार्ग ही पहिली श्रेणी, तर घराच्या दारापर्यंत नेणारी वाट ही सहावी. दारापुढील वाटेला महामार्गाची रुंदी लागत नाही. मात्र जेथे सर्वांची वर्दळ एकत्र येते, तो मार्ग अरुंद ठेवून चालत नाही. शाळेतील अथवा ग्रंथालयातील जुने संगणक परस्परांना जोडतानाही हेच तत्त्व लागू पडते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित सुरक्षा-साहाय्य थांबले. ‘विंडोज ११’च्या अटी पूर्ण न करणारे अनेक सुस्थितीतील संगणक त्यामुळे भंगारात निघण्याचा धोका आहे. योग्य निवड केल्यास ते आणखी काही वर्षे अध्ययनाच्या कामी येऊ शकतात.

समजा, २० विद्यार्थ्यांनी मध्यवर्ती सर्व्हरवरील ५ मेगाबाइटची फाइल एकाच वेळी उघडली. एकूण १०० मेगाबाइट, म्हणजेच ८०० मेगाबिट माहिती वाहून न्यावी लागेल. सर्व्हरची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची असल्यास किमान ८ सेकंद लागतात. केवळ सर्व्हरची जोडणी १,००० मेगाबिटची केली, तर प्रत्येक संगणकाचे जुने १०० मेगाबिटचे कार्ड तसेच ठेवूनही हे काम तत्त्वतः सुमारे १ सेकंदात होते. म्हणून खर्च प्रथम चांगला स्विच, सर्व्हरचे कार्ड आणि दर्जेदार केबल यांवर करावा. केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

नवे कार्ड घेण्यापूर्वी संगणकातील जोडणीची जागा तपासणे आवश्यक आहे. यूएसबी १.१ ची मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट आहे; तेथे कितीही वेगवान उपकरण जोडले तरी उपयोग नाही. केवळ ‘वेप’ ही जुनी सुरक्षापद्धती जाणणारी बिनतारी कार्डे टाळावीत, कारण ती पद्धती सहज भेदता येते.

प्रणाली निवडताना स्मरणक्षमता व प्रोसेसर पाहावा. हलक्या मांडणीची लिनक्स प्रणाली अशा संगणकांना मानवते. तथापि २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’ने ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र स्थापना-संच देणे थांबविले आहे, त्यामुळे प्रोसेसर ६४-बिट आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. अतिशय जुन्या संगणकांचा वापर केवळ पडदा व कळफलक म्हणून करून सर्व प्रक्रिया सर्व्हरवर सोपविता येते.

सुरक्षेचा प्रश्न मात्र तडजोडीचा नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुरक्षा-दुरुस्ती न केलेल्या संगणकांत फाइल-वाटपाच्या जुन्या पद्धतीतून प्रवेश मिळविला होता. साहाय्य संपलेली प्रणाली ठेवणे अपरिहार्य असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून अलग ठेवावा.

आधी एका संगणकावर चाचणी, मग मध्यवर्ती जोडणी आणि शेवटी उर्वरित खरेदी, हा क्रम पाळल्यास मर्यादित निधीतही संगणककक्ष सुरू राहू शकतो.