डॅशबोर्डचे दिवे आणि पेट्रोलचा पंप

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या. डॅशबोर्डची भाषा मात्र सोपी आहे. पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे थांबा. (हँडब्रेक ओढलेला नाही ना, ते आधी बघा!)

माझ्या मते सगळ्यात घातक तो लाल तेलाच्या झारीचा. ऑईलचं प्रेशर गेलं की क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधला तेलाचा पातळ थर जातो आणि धातूवर धातू घासतो. "दोनच किलोमीटर राहिलेत" म्हणून गाडी रेटली तर इंजिन जाम. आधी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, मग डिपस्टिक बघायची.

आता पंप. इंजिन बंद, बाईकवाल्यांनी खाली उतरायचं. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड म्हणून खाली, गरम सायलेन्सरकडेच उतरते. नोझल 'टक्' करून थांबलं की "राउंड फिगर करा" म्हणू नका, प्रसरणाला जागा हवी. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल पडलं तर किल्लीला हातच लावायचा नाही. डिझेलमुळेच पंप आणि इंजेक्टरला वंगण मिळतं, पेट्रोलने ते जातं. गाडी ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.