खेळाच्या पडद्यावरील परकी रेघ : एका कॅल्क्युलेटरची तपासणी

परदेशी स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या वसतिगृहास टीआय-८३ प्लस जातीचे दोन कॅल्क्युलेटर भेट दिले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये काढलेले हे यंत्र तिकडच्या शाळांत आलेख काढण्यासाठी वापरले जाते, आणि त्यात आपण स्वतः प्रोग्राम लिहून ठेवू शकतो. नववीतील एका मुलाने कित्येक संध्याकाळी खर्चून त्यावर एक खेळ लिहिला. बाणाच्या कळा दाबून एक ठिपका दुसऱ्या ठिपक्यापर्यंत न्यायचा, एवढाच तो खेळ. परंतु खेळ सुरू होताच पडद्यावर एक उभी व एक आडवी रेघ उमटे, त्यांवरून एक वक्र जाई, आणि ठिपका चालू लागला की मागे शेपूट सोडी.

सर्वांचा सल्ला एकच : ‘रिसेट करा.’ मी इतिहासाचा शिक्षक. अस्सल कागद वाचता येत नाही म्हणून तो जाळून टाकावा, असाच हा सल्ला मला वाटला. या यंत्राची सर्व रॅम रिसेट केली की तीत ठेवलेले प्रोग्राम पुसले जातात, आणि मुलाजवळ दुसरी प्रत नव्हती. म्हणून पहिले काम हे केले की मेमरीच्या यादीतील ‘अर्काइव्ह’ ही आज्ञा देऊन प्रोग्राम कायम स्मृतीत हलविला. तेथे ठेवलेला प्रोग्राम रॅम पुसली तरी टिकतो. मात्र तेथे असेपर्यंत त्यात बदल करता येत नाही, म्हणून त्याची दुसऱ्या नावाने एक नक्कल रॅममध्ये ठेवली व दुरुस्ती तिच्यावर केली.

आता ती रेघ. खेळ आलेखाच्या पडद्यावर चालतो, आणि तो पडदा गणिताच्या तासाला वापरला जाणारा तोच असतो. त्या दुपारी कोणीतरी एका समीकरणाचा आलेख काढला होता. समीकरण तसेच चालू राहिले, अक्षही चालू राहिले. यंत्र आपले काम चोख करीत होते. खेळाच्या आरंभी ‘फंक्शन-ऑफ’, ‘प्लॉट्स-ऑफ’, ‘अ‍ॅक्सेस-ऑफ’ आणि शेवटी ‘क्लिअर-ड्रॉ’ अशा चार ओळी घातल्या व पडदा कोरा झाला. पण दुसऱ्या दिवशी वर्गातून तक्रार आली : आलेखाचे अक्ष गेले कुठे? तेव्हा प्रारंभीच ‘स्टोअर-जीडीबी’ने आलेखाची मांडणी साठवून ठेवावी व खेळ संपताना ‘रिकॉल-जीडीबी’ने ती परत लावावी, ही सोय करावी लागली. दुसऱ्याची पाटी वापरली तर ती होती तशी परत द्यावी, हे येथेही लागू पडते.

शेपटाचा प्रश्न अधिक रंजक निघाला. मुलाने जुना ठिपका पुसण्याची आज्ञा लिहिली होती, हे खरे. परंतु तिचा क्रम चुकला होता. कळ वाचायची, स्तंभाचा अंक एकाने वाढवायचा, मग पुसायचे, मग काढायचे, असा त्याचा क्रम होता. अंक आधीच वाढल्यामुळे पुसली जात होती ती नवी, रिकामीच जागा. जुना ठिपका जागच्या जागी राही. पुसण्याची ओळ वर नेली तेव्हा शेपूट गेले, पण ठिपका लुकलुकू लागला, कारण कळ दाबलेली नसतानाही प्रत्येक फेरीत तो पुसून पुन्हा काढला जात होता. कळीचा अंक शून्य नसेल तरच पुसावे, हलवावे व काढावे, अशी अट घातली. ठिपका स्थिर झाला. (डावी कळ २४, वरची २५, उजवी २६ आणि खालची ३४ असे अंक हे यंत्र देते.)

एक बाब मात्र मुलाने पहिल्यापासून बरोबर केली होती. ठिपका काढण्याच्या दोन आज्ञा आहेत. ‘पॉइंट-ऑन’ ही आलेखाच्या चालू मापानुसार जागा शोधते. म्हणून कोणी झूम बदलला की ठिपका सरकतो किंवा काही न सांगता पडद्याबाहेर जातो. ‘पिक्सेल-ऑन’ला त्या मापाशी कर्तव्य नसते. तिला आधी ओळ व मग स्तंभ द्यावा लागतो, आणि ओळी वरून खाली मोजल्या जातात. गणितातील क्ष-य च्या सवयीच्या हे अगदी उलट आहे, आणि येथे मोठी माणसे अधिक चुकतात, मीही चुकलो. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा असला तरी या आज्ञेला ओळ ० ते ६२ व स्तंभ ० ते ९४ एवढाच चालतो. त्यापलीकडचा अंक दिला की डोमेनची चूक दाखवून खेळ थांबतो.

तो थांबतोच आहे. कडेला पोहोचलेल्या ठिपक्याने अडावे की पलीकडच्या बाजूने आत यावे, यावर वसतिगृहात दोन तट पडले असून निकाल अद्याप लागलेला नाही.