घंटा थांबल्यानंतर : इंटरनेट आणि महाविद्यालयीन अभ्यास

आमच्या वसतिगृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत सर्व काही घंटेवर चालते. येथून बाहेर पडलेले विद्यार्थी नगर, संगमनेर, श्रीरामपूर येथील महाविद्यालयांत जातात, तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : घंटा थांबते आणि हाती मोबाईल येतो. त्यानंतर पहिल्याच वर्षी मागे पडलेले गुणी विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्याच मोबाईलच्या आधाराने पुढे गेलेलेही पाहिले आहेत. म्हणून सारा दोष इंटरनेटच्या माथी मारणे योग्य नव्हे.

मोबाईल काढून घेणे हाही आता उपाय नाही. शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा 'महाडीबीटी' संकेतस्थळावरच भरावा लागतो. सायंकाळी सहा ते दहा मोबाईल न वापरण्याचा नियम अमान्य करणाऱ्या केरळमधील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देताना इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क मिळाला की जबाबदारीही आपल्याकडे येते.

ज्या घरात पुस्तकांचे कपाट कधी नव्हते, तेथील मुलाला या हक्काचे मोल अधिक. १९१३ साली बाबासाहेबांना उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्क गाठावे लागले. आज महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले त्यांचे इंग्रजी खंड, 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय एस.टी.च्या थांब्यावर बसूनही उघडता येते.

मग घसरण कोठे होते? एक व्याख्यान पाहावयास घ्यावे, तो पुढची चित्रफीत आपोआप सुरू होते. ही रचना हेतुपुरस्सर असते, कारण आपला वेळ हेच त्या कंपन्यांच्या उत्पन्नाचे साधन आहे. मध्येच संदेश येतो आणि तुटलेला विचार पुन्हा जुळवावा लागतो. जागरणाने सकाळचा तास बुडतो. आयते उत्तर उतरवून वही भरते, परंतु परीक्षेत स्वतःचे एक वाक्यही सुचत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली एक उपक्रम सुरू झाला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद. गावाने जणू घंटाच परत आणली. परंतु शहरातील भाड्याच्या खोलीत भोंगा कोण वाजवणार? तेथे ती घंटा मनातच असावी लागते. आपले लक्ष या क्षणी कोठे आहे याचे भान राखणे, हा सम्यक स्मृतीचाच अभ्यास होय.

त्यासाठी तीन सवयी पुरेशा आहेत. मोबाईल उघडण्यापूर्वी काय शोधायचे ते कागदावर लिहावे. ते मिळताच पडदा बंद करून पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. वाचताना व झोपताना मोबाईल हाताच्या अंतरावर ठेवू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे पहिले पाऊल तुमचेच आहे. आईबापांनी मजुरी करून तुम्हांला दिलेली ही तीन वर्षे कशी खर्च करायची, हे तुम्हीच ठरवा. मोबाईलला ठरवू देऊ नका.