सैल जोड

विजेची शेगडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. चिनी मातीच्या पांढऱ्या थाळीत नागमोडी चर पाडलेले असतात आणि त्या चरांतून स्प्रिंगसारखी पिळलेली एक तार फिरवलेली असते. बटण दाबताच ती तार प्रथम काळपट, मग लाल आणि शेवटी नारिंगी दिसू लागते. वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा शेगडीवर कितीतरी चहा उकळला आहे आणि तेथील रेक्टरांनी ती तितक्याच वेळा जप्तही केली आहे!

ह्या तारेत असे काय असते, की ती तापून लाल होते आणि तिला वीज आणून देणारी तांब्याची तार मात्र जवळजवळ गारच राहते? दोहोंतून वाहणारा प्रवाह तर एकच असतो. ह्या प्रश्नाचा उलगडा जेम्स प्रेस्कॉट जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने केला. विजेच्या मार्गात जेथे रोध, म्हणजे अडथळा, अधिक असतो तेथे उष्णताही अधिक निर्माण होते; आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे त्याने प्रयोगाने मोजून १८४१ साली प्रसिद्ध केले. तांब्याचा रोध फार थोडा असतो. शेगडीची तार निकेल आणि क्रोमियम ह्या धातूंच्या मिश्रणाची असते. तिला नायक्रोम म्हणतात. अमेरिकेतील आल्बर्ट मार्श ह्या धातुशास्त्रज्ञाला ह्या मिश्रणाचे पेटंट १९०६ साली मिळाले. नायक्रोमचा रोध तांब्याच्या सुमारे साठपट असतो. शिवाय ती तार लाल होईपर्यंत तापवली तरी हवेतील प्राणवायू तिला लवकर खात नाही, कारण तिच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच तिचे रक्षण करतो. लोखंडाची तार अशी रोज तापवली, तर तिची पपडी निघू लागेल आणि थोड्याच काळात ती तुटेल.

परंतु वीज काही नायक्रोमची तार ओळखून तेथेच तापायचे ठरवीत नाही. मार्गात जेथे रोध असेल तेथे उष्णता निर्माण होणारच, मग ती जागा आपल्याला हवी असो वा नसो. नको त्या जागी रोध उत्पन्न होण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे सैल जोड. त्याचे एक चांगले उदाहरण दूरच्या देशांतील स्वयंपाकघरांत पाहावयास मिळते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा ह्या देशांत पुष्कळ घरी विजेच्या मोठ्या चुली असतात. कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी पेटीवर दोन लहान व दोन मोठी अशी चार काळी वेटोळी बसवलेली असतात आणि खाली भट्टी असते. तेथे घरातील साध्या दिव्यांना १२० व्होल्ट दाबाची वीज मिळते. एवढ्या मोठ्या चुलीला मात्र ती पुरत नाही, म्हणून तिला दोन जिवंत तारा जोडून २४० व्होल्ट देतात. वेटोळे वरून साध्या लोखंडी नळीसारखे दिसते. त्या नळीच्या पोटात नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. त्यामुळे नळीवर पातेले ठेवले तरी वीज पातेल्यात उतरत नाही.

ह्या चुलीची सोय अशी, की दूध उतू गेले तर वेटोळे ओढून काढता येते आणि खालची तबकडी घासता येते. वेटोळ्याची दोन टोके बाहेर आलेली असतात. ती चिनी मातीच्या एका लहानशा ठोकळ्यातील खोबणींत सरकवली, की काम झाले. ह्या ठोकळ्यालाच सॉकेट म्हणतात. त्याच्या आत धातूच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात. त्या चिमट्याप्रमाणे टोकांना घट्ट धरतात आणि वीज पोहोचवतात.

वर्षानुवर्षे वेटोळे काढून घालून आणि जवळच्या उष्णतेने ह्या पट्ट्या थकतात. पकड जराशी सैल झाली, की टोक आणि पट्टी ह्यांचा स्पर्श मोजक्या बिंदूंपुरता उरतो. एवढ्या चिंचोळ्या वाटेने सारा प्रवाह जाऊ लागला, की तेथे उष्णता निर्माण होते. उष्णतेने पट्टी आणखी नरम पडते, धातूवर काळा थर चढतो, रोध वाढतो, पुन्हा उष्णता वाढते. केसाएवढी फट पडली तर तेथे ठिणग्या उडतात आणि त्या टोकाला खड्डे पाडतात. एकदा हे चक्र सुरू झाले, की ते आपोआप थांबत नाही.

थोडे गणित करून पाहू. मोठ्या वेटोळ्याची शक्ती २४०० वॅट धरली, तर २४० व्होल्टला त्यातून १० अँपिअर प्रवाह जातो, म्हणजे वेटोळ्याचा रोध २४ ओहम झाला. चांगल्या जोडाचा रोध एक ओहमच्या दोनशेव्या भागाएवढा धरा. तेथे उष्णता होते अवघी अर्धा वॅट. तीच जागा सैल होऊन तिचा रोध अर्धा ओहम झाला, तर तेथे सुमारे ४८ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर डाख देण्यासाठी जी विजेची कांडी वापरतात, ती साधारणतः २५ वॅटची असते. तशा दोन कांड्या त्या लहानशा ठोकळ्यात खुपसून ठेवल्यावर काय होईल, ह्याची कल्पना करा. ठोकळा तडकतो, तारांचे आवरण जळते, आणि चुलीच्या पोटात साठलेल्या तेलकट मळापर्यंत ठिणगी पोहोचली तर आगही लागू शकते.

आता हा ठोकळा कसा बदलतात ते पाहू. समजा, कॅनडातील एका मराठी घरी आजोबा महाराष्ट्रातून काही महिन्यांसाठी आले आहेत. त्यांचे सारे आयुष्य एका कारखान्यात वायरमन म्हणून गेले आहे. घरातील चुलीचे एक मोठे वेटोळे काही दिवसांपासून लहरीप्रमाणे तापते. हलवले तर तापते, पातेले ठेवले की गार पडते, मधूनच चरचर असा आवाज येतो. आजोबांनी वेटोळे बाहेर काढले. एक टोक चकचकीत होते. दुसरे काळे पडले होते आणि त्याला मोहरीएवढा खड्डा पडला होता. ठोकळ्याची एक खोबणही काळवंडली होती. मीटर लावताच वेटोळ्याचा रोध २३ ओहमच्या आसपास भरला. तार गार असताना हा आकडा किंचित कमीच येतो, म्हणजे आतील तार शाबूत होती. दोष जोडात होता.

नवा ठोकळा आणण्यापूर्वी चुलीच्या पाटीवरील क्रमांक त्यांनी कागदावर उतरवून घेतला. काही नव्या वेटोळ्यांच्या मध्यभागी तापमान ओळखणारी टिकली असते. अशा चुलीला भलतेच वेटोळे बसवून चालत नाही.

"बाबा, वेटोळे तर चांगले आहे म्हणता. मग फक्त ठोकळा घेऊ या की," मुलगी म्हणाली.

"अगं, हे खड्डा पडलेले टोक नव्या ठोकळ्यात घातले, तर त्याचा स्पर्श पुन्हा अपुराच राहणार. काही महिन्यांत नवा ठोकळाही जळेल. मग दोन्ही पुन्हा आणावे लागतील."

"टोक कानशीने घासून घेतले तर?" नातीने विचारले.

"घासल्याने काळेपणा जाईल, खड्डा कसा जाईल? खड्डा घालवण्याइतके घासले तर टोक बारीक होईल, आणि बारीक टोक म्हणजे पुन्हा सैल जोड."

पुष्कळ लोक येथेच चुकतात. जळलेली वस्तू डोळ्यांना दिसते, ती बदलली की दुरुस्ती झाली असे त्यांना वाटते. आणि तिला जाळणारी वस्तू मात्र ते तशीच परत बसवतात. तेव्हा ठोकळा आणि वेटोळे ही जोडी एकदमच आणली गेली.

कामाचा दिवस आला. चूल सकाळपासून पेटवली नव्हती. आजोबा प्रथम चुलीकडे गेलेच नाहीत. ते तळघरातील विजेच्या पेटीकडे गेले आणि चुलीचा जोडखटका त्यांनी पाडला. त्यावर 'काम चालू आहे, हात लावू नये' असा कागद चिकटवला.

"आजोबा, चुलीचे बटण तर बंदच आहे. मग इतक्या खाली कशाला यायचे?"

"चुलीला दोन जिवंत तारा येतात, हे ध्यानात ठेव. बटण बिघडलेले असेल, किंवा ते एकच तार तोडणारे असेल, तर दुसरीत वीज राहतेच. बटणाला वेटोळे गार करता येते. माणसाला वाचवण्याचा भरवसा त्याच्यावर ठेवता येत नाही."

वर आल्यावर त्यांनी मीटर आधी भिंतीवरील एका चालू जागी लावून, तो ठीक चालतो ह्याची खात्री केली. मग तो ठोकळ्यातील दोन्ही खोबणींना लावला. नंतर प्रत्येक खोबण आणि चुलीचे लोखंडी अंग ह्यांच्यामध्ये लावला. सगळीकडे शून्य आले. तरीही त्यांनी तोच मीटर पुन्हा एकदा चालू जागी लावून पाहिला. मीटरच मध्ये बंद पडला असेल तर शून्य येणारच! हा वायरमन लोकांचा जुना रिवाज आहे आणि तो फार चांगला आहे.

ह्यानंतरचे काम मात्र अर्ध्या तासाचे होते. तबकडी काढली. ठोकळा एका स्क्रूने पत्र्याला धरलेला होता. तो पेचकसाने सोडवून ठोकळा वर ओढला, तशा त्याच्या दोन तारा बाहेर आल्या. त्यांतील एकीचे आवरण करपून ठिसूळ झाले होते. आजोबांनी पक्कडीने ती तार जळक्या भागाच्या थोडी मागे कापली. आतले तांबे काळे दिसले. त्यांनी आणखी दोन बोटे कापली, तेव्हा तांब्याचा तांबूस लखलखीत रंग दिसला. काळ्या तांब्यावर जोड केला असता, तर एक सैल जोड काढून दुसरा वाईट जोड केल्यासारखे झाले असते.

नव्या ठोकळ्याच्या तारा आणि चुलीच्या तारा ह्यांची आवरणे सुमारे दीड सेंटिमीटर सोलून त्यांनी त्या एकमेकींभोवती पिळल्या आणि वर चिनी मातीच्या लहान टोप्या पेचाप्रमाणे फिरवून घट्ट बसवल्या. साध्या जोडकामात प्लास्टिकच्या टोप्या किंवा चिकटपट्टी चालते; चुलीच्या पोटात ती वितळते. तारांचे आवरणही येथे उष्णता सोसणारे लागते, म्हणून खोक्यात पडलेला साध्या तारेचा तुकडा अशा ठिकाणी उपयोगी पडत नाही. कोणती तार कोणत्या बाजूला, हा प्रश्न नातीने विचारला होता. वेटोळ्याला दोन्ही बाजू सारख्याच, असे तिला कळले.

प्रत्येक जोड आजोबांनी हाताने ओढून पाहिला. एक टोपी किंचित फिरली. त्यांनी ती काढली, तारा पुन्हा पिळल्या आणि टोपी पुन्हा बसवली. तारा पत्र्याच्या धारदार कडेला किंवा तबकडीच्या तळाला टेकणार नाहीत अशा रीतीने आत सारल्या, ठोकळा जागेवर ठेवून स्क्रू आवळला आणि नवे वेटोळे सरळ आत दाबले. ते आत जाताना चांगलेच अडले. जुने वेटोळे एका बोटाने निघत असे, हे नातीला आठवले आणि स्प्रिंगचे काम काय असते, ते तिला न सांगताच कळले.

तेव्हा कोठे खाली जाऊन खटका वर केला गेला. वेटोळे प्रथम मंद ठेवले, मग पूर्ण. थोडा धूर आला. नव्या वेटोळ्यावरचा लेप पहिल्या वेळी जळतो, म्हणून खिडकी आधीच उघडून ठेवली होती. काही मिनिटांत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे लाल झाले.

हे काम जाणत्या माणसाचे आहे. मुलांनी त्यात दिवा धरावा, पाहावे, प्रश्न विचारावेत. पक्कड हातात घेऊ नये. ज्यांना मीटर वापरता येत नाही अशा मोठ्या माणसांनीही वायरमनलाच बोलवावे, आणि घर भाड्याचे असेल तर आधी मालकाला कळवावे. पण सैल जोड ओळखायला मीटर लागत नाही. आपल्याकडे इस्त्री किंवा पाणी तापवण्याच्या यंत्राची पिन बटण बंद करून काढल्यावर काळी दिसली, सॉकेटभोवती पिवळट डाग पडला असला, पिन आत घालताना लुळी वाटली, किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर तेथेही तेच चक्र सुरू झालेले असते. तुम्ही वडील माणसांना त्याच दिवशी सांगितले पाहिजे.

आजोबांनी जुना ठोकळा फेकला नाही. तो फोडून आतल्या दोन पट्ट्या त्यांनी नातीच्या तळहातावर ठेवल्या. चांगली पट्टी बोटाने वाकवून सोडली की उसळून पूर्ववत होई. जळलेली पट्टी वाकवली तशीच वाकलेली राहिली. मग खटका पुन्हा पाडून आणि मीटरने पुन्हा तपासून त्यांनी उरलेली तीन वेटोळी काढून पाहिली. दोन ठीक होती. मागच्या लहान वेटोळ्याच्या एका टोकावर तपकिरी छटा आली होती. नातीने त्याचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला आणि कागद बाजाराच्या यादीला टाचला.